मॅमॉची खुर्ची आणि जोनेलचं पहिलं गाणं

हे घडलेलं आहे. मी भौतिकशास्त्र शिकलोय. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. तरीही सांगतोय.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर १९९४. दुपारचे दोन. पूर्व केंटकीच्या डोंगरातलं बक्कल क्रीक. आमच्या मॅमॉचं, म्हणजे आजीचं, घर.

मॅमॉ मार्चमध्ये गेली. शेवटच्या श्वासाला तिचा हात माझ्या हातात होता. त्याच रात्री मी जोनेलला फोनवर तसं सांगितलं.

जोनेल माझी चुलत बहीण. नॅशविलला जाऊन गायिका झालेली. मॅमॉच्या आजारपणात एकदाही फिरकली नाही. मातीला तेवढी आली, काळा चष्मा लावून.

आणि सहा महिन्यांत तिचं पहिलं कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाचं, गाणं तयार. मॅमॉवर! ध्रुवपद काय, तर ‘शेवटच्या श्वासाला तुझा हात माझ्या हातात होता.’



सोमवारी गाण्याचा व्हिडिओ रेकॉर्ड कंपनीच्या हातात पडला नाही, तर तिचा करार रद्द होणार होता. म्हणून ती आली. नवी कोरी जीन्स मुद्दाम फाडून. सोबत ट्रेंट नावाचा दिग्दर्शक. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो अंगणात पोती अंथरून चालत होता.

ओसरीवर मॅमॉची झुलती खुर्ची होती. ट्रेंटने तिला तंगूस बांधला, लांबून ओढायला न दिसणारा नायलॉनचा दोरा.

"कोणी बसायचं नाही. रिकामीच झुलू दे. लोक ढसाढसा रडले पाहिजेत."

हॉबर्टकाका मक्याची भाकरी टाकून उठले. "ए शहाण्या! रिकामी खुर्ची झुलवत नसतात. ते बोलावणं असतं."

"मग येऊ दे की म्हातारीला. फुकटात काम करेल!"

जोनेल हसली. काका पचकन तंबाखू थुंकले. "अक्कल नॅशविलला विकलीस होय गं?"

"काका, एकच दिवस. हे गाणं गेलं तर मी परत खानावळीत ताटं उचलणार."

गाण्याशी ताल जुळावा म्हणून ट्रेंटने मला वेळ मोजायला लावलं. रिकाम्या खुर्चीचे दहा झोके... अकरा सेकंद.

टेप सुरू झाली. जोनेल नुसते ओठ हलवत होती.

ध्रुवपद आलं...

आणि आवाज गेला.

गिटार चालू. ढोल चालू. फक्त जोनेलचा आवाज नाही. तेवढीच एक ओळ. पुढची ओळ पुन्हा खणखणीत.

"तुझं यंत्र भंगार आहे," मी ट्रेंटला म्हणालो.

त्याने दुसरी टेप लावली. तेच. मग गाडीतल्या टेपवर लावली.

तेच...

ट्रेंट गाडीपाशी, जोनेल त्याच्या शेजारी. तंगूस ओसरीवर सैल पडलेला. कॅमेरा मात्र चालूच.

आणि खुर्ची झुलत होती.

"वारा असेल," मी म्हणालो.

झाडाचं पानही हलत नव्हतं.

मी घड्याळ काढलं. दहा झोके... सोळा सेकंद.

पुन्हा मोजले. सोळा.

रिकामी खुर्ची इतकी संथ झुलत नाही. झुलते... पण कोणी बसलेलं असेल तरच.

जोनेल परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लायल, ती ओळ माझी नाही रे. तू फोनवर बोललास तेच शब्द आहेत. मी नव्हते, म्हणून तुझे घेतले." ती खुर्चीकडे बघत होती. "तू होतास ना?"

काका माझ्याकडे बघू लागले.

मॅमॉ गेली त्या संध्याकाळी केंटकीची बास्केटबॉल मॅच होती. मी चार मैलांवरच्या बारमध्ये होतो. अर्धीच बघून येणार होतो. परतलो तेव्हा मॅमॉ या खुर्चीत होती. थंडगार. एक हात खाली लोंबत होता.

"होतो," म्हणायला मी तोंड उघडलं.

ओठ हलले.

आवाज आला नाही...

खुर्ची थांबली.

शनिवारी जोनेलने ती एक ओळ नव्याने गायली: ‘शेवटच्या श्वासाला तुझा हात कोणाच्याच हातात नव्हता.’ आवाज स्वच्छ उमटला. सोमवारी व्हिडिओ पोचला. करार टिकला. त्या ओळीला पडद्यावर फक्त खुर्ची दिसते. संथ. ट्रेंट अजून सगळ्यांना सांगतो की ती कमाल तंगुसाची आहे. मूर्ख!

हॉबर्टकाका माझ्याशी बोलत नाहीत.

वर मी लिहिलंय ना, तिचा हात माझ्या हातात होता म्हणून? लिहिता येतं ते. आत्ताच मोठ्याने वाचून बघितलं.

आधीचं वाक्य ऐकू आलं. नंतरचंही आलं.

मधलं नाही...