पहारेकऱ्याची जागा

हौसेला मोल नसतं म्हणतात, ते या लोकांकडे पाहून थोरलीला पुरेपूर पटलं होतं. चांगली शिकलीसवरलेली, नोकरीधंद्याची माणसं वर्षातून एकदा रजा काढून जंगलाकडेच्या एका बंद सूतगिरणीत जमायची आणि तीन दिवस राजे, चेटकिणी, दरोडेखोर होऊन राहायची. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, पाठ केलेली वाक्यं नाहीत. ज्याने त्याने आपलं पात्र घ्यायचं आणि त्याच्या कातडीत शिरून जगायचं, अगदी जेवतानासुद्धा. एक दातांचे डॉक्टर दरवर्षी राक्षस व्हायचे. घरी म्हणे बायकोसमोर ब्र काढायची त्यांची टाप नव्हती.

या सगळ्यांचे कपडे थोरली शिवायची. खेळ दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. दोन मशिनं, कपड्यांची गाठोडी आणि धाकट्या बहिणीला घेऊन ती दुपारी गिरणीत पोचली आणि जुन्या गोदामात खिडकीशी बस्तान मांडून बसली. बाहेर धुकं असं दाटलं होतं की भर दुपारी दिवे लावावे लागले. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी भिंतींना अजून तेलाचा आणि ओल्या कापसाचा वास होता.

धाकटी यंदा पहिल्यांदाच राणी होणार होती. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तिचं खाणंपिणं, दुखणीखुपणी, रुसवेफुगवे, सगळं थोरलीनेच काढलं होतं. त्या पोरीला यंदा इथं आणायचं अगदी जिवावर आलं होतं तिच्या, कारण गेल्या वर्षी इथं एक माणूस गेला होता.

तो कसा गेला ते सांगायचं, तर आधी या खेळाचा एक नियम सांगायला हवा. तीन दिवस सोंगात राहायचं म्हटलं तरी माणसाला संडासला जावं लागतं, घरी फोन करावा लागतो. अशा वेळी एक हात डोक्यावर ठेवायचा. हात डोक्यावर, म्हणजे मी इथं नाही. मग बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, वाटेतल्या झाडाला घालावा तसा वळसा घालून पुढे जायचं. हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बाजारात कुणी नुसतं डोकं खाजवलं तरी यांची मान वळायची. खरोखरीचं संकट आलं तर मात्र खूण वेगळी. मोठ्याने ‘थांबा’ म्हणून ओरडायचं. पण ओरडायला छातीत श्वास तर हवा!

पुलावरचा पहारेकरी झालेल्या मास्तरांना नेमका गिरणीखालच्या बोगद्यात दम्याचा झटका आला. पंप तंबूत राहिलेला. आवाज फुटेना, तेव्हा त्या बिचाऱ्यांनी सुचली ती खूण केली. भिंतीला टेकून खाली बसले आणि हात डोक्यावर ठेवला. कंदील घेतलेली अख्खी फौज त्यांच्या समोरून गेली. सगळ्यांनी शिस्तीत मान फिरवली. सकाळी मास्तर सापडले, तेव्हाही हात डोक्यावरच होता.

त्या फौजेत धाकटी होती.

“मी बघितलं गं त्यांना, ताई,” ती पुढे कितीतरी महिने म्हणायची. “तोंड उघडं होतं. मला वाटलं, जांभई देतायत.”

यंदा जाऊ नकोस म्हणून थोरलीने परोपरीने विनवलं. पण तिथं पुन्हा गेल्याशिवाय मला झोप लागायची नाही, हेच धाकटीचं पालुपद. शेवटी थोरलीने मनाशी गाठ बांधली. तीन दिवस पोरीला नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि धडधाकट घरी न्यायचं. बाकी राजे नि राक्षस गेले खड्ड्यात.

दिवेलागणीच्या आधीची गोष्ट. थोरली तोंडात टाचण्या धरून एका पायघोळ झग्याची तुरपाई करत होती. दारातून कुणीतरी गेलं. करडा, डोक्यावर टोपी ओढलेला लोकरी झगा आणि टोपीवर टेकलेला हात. तिने सवयीने नजर खाली घातली. मागून ओल्या लोकरीचा वास आला, पावसात भिजलेल्या मेंढीसारखा.

चार-दोन टाके घातल्यावर तिच्या मनात आलं, यंदा आपण करडा झगा शिवलाच नाही.

आणि त्या झग्याच्या कोपरावर ठिगळ होतं, गडद राखाडी. असं एकच ठिगळ तिने आयुष्यात लावलं होतं, मास्तरांच्या झग्याला. तो झगा मास्तरांची आई घेऊन गेली होती. थोरलीनेच घडी घालून तिच्या पिशवीत ठेवला होता.

टाचण्या बाजूला ठेवून ती अंगणात गेली. तिथं सुतारकाका किल्ल्याच्या खोट्या दरवाजाला खरे बिजागर ठोकत होते.

“काका, करड्या झग्यातला तो कोण हो?”

“आहे कुणीतरी. सकाळपासून घिरट्या घालतोय. हात डोक्यावर, मग मी कशाला तोंड उघडू?”

“चेहरा बघितलात?”

“बघायचा नसतो ना, ताई,” काका म्हणाले, आणि मग हातोडी हातातच राहिली. “का? कोण आहे?”

काही नाही म्हणून ती परतली. गोदामात धाकटी राणीच्या झग्यात आरशासमोर उभी होती. गळ्याशी हिरवी काच चमकत होती. पोर इतकी देखणी दिसत होती की थोरलीचे डोळेच भरून आले.

“तुलाही दिसले ना?” धाकटीने आरशातूनच विचारलं.

“कोण?”

“ताई, उगाच वेड पांघरू नकोस. बोगद्याच्या तोंडाशी बसलेत... मगाशी जिन्यात होते. मी बोलू का त्यांच्याशी? गेल्या वर्षी बोलले नाही...”

“खबरदार!” थोरलीने तिचे दोन्ही खांदे धरले. “हात डोक्यावर दिसला की मान खाली घालायची. तिथं कुणी नाही. म्हण बघू. कुणी नाही.”

“कुणी नाही,” धाकटी म्हणाली. तिचे खांदे थंडगार होते.

आत्ताच्या आत्ता घरी जायचं, असं थोरलीने ठरवलं आणि गाठोडी बांधायला घेतली. तेवढ्यात घंटा झाली. खेळ मांडणारा सूत्रधार सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावत होता. या बैठकीला नाही म्हणायची सोय नव्हती. गाडीची वाटही दालनातूनच होती.

सूत्रधार भला माणूस. वर्षभरात पार खंगला होता. एका उलट्या पिंपावर उभा राहून तो म्हणाला, “मित्रहो, आपल्या एका नियमाने आपला माणूस नेला. तो नियम मी आज मोडतोय. यापुढे हात डोक्यावर असो नसो, माणूस तो माणूसच. दिसला की जवळ जायचं आणि विचारायचं, बरा आहेस ना? जो दिसतो तो इथं आहे. म्हणा माझ्याबरोबर.”

“जो दिसतो तो इथं आहे,” सगळं दालन एका आवाजात म्हणालं. कुणाकुणाला हुंदका आवरेना.

“आता सगळ्यांनी हात डोक्यावर ठेवा. हा शेवटचा.”

हात वर गेले. राक्षसाचा, चेटकिणींचा, सुतारकाकांचासुद्धा. थोरलीने मात्र एका हाताने धाकटीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

“आणि आता... खाली.”

कपड्यांची सळसळ झाली. सगळे हात खाली आले. दालनाच्या अगदी मागे, बोगद्याच्या पायऱ्यांपाशी एक हात मात्र अजून वर होता. मग तोही खाली यायला लागला. सावकाश... सांधा गंजल्यासारखा. तो पुरता खाली आला आणि त्या शांततेत एक आवाज ऐकू आला. कुणीतरी श्वास आत ओढत होतं. लांब, शिटी वाजल्यासारखा.

त्याच वेळी दिवे गेले.

गोंधळ उडाला, कुणी हसलं, कुणी थोरलीवर आदळलं. आणि हातातलं मनगट निसटलं. “अगं!” ती ओरडली. बॅटरीसाठी खिसे चाचपत, माणसांना ढकलत ती पायऱ्यांकडे धावली. बोगद्यात ओल्या लोकरीचा वास इतका होता की तिने बाहीने नाक दाबलं. बॅटरीच्या उजेडात आधी हिरवी काच चमकली.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. हात डोक्यावर. समोर कुणी नव्हतं.

“ऊठ, बाळा. चल घरी.”

“त्यांना विचारलं मी, बरे आहात ना...” धाकटी हळूच म्हणाली. “म्हणाले, फार वेळ झाला गं बसून. जरा माझ्या जागी बसतेस? मी पाणी पिऊन आलोच.” ती थोरलीकडे बघून ओशाळं हसली. “नाही कसं म्हणू, ताई?”

थोरलीने तिचा हात धरून खाली ओढला. तो आला, पण जड. पोरीला जवळजवळ उचलूनच तिने गाडीत घातलं आणि कुणाचाही निरोप न घेता घर गाठलं.

धाकटी जिवंत आहे, हिंडती फिरती आहे. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. पण ते हे थोरलीकडे बघून म्हणतात. दुकानात धाकटी गल्ल्यासमोर उभी असली तरी दुकानदार तिच्या मागच्याला विचारतो, काय हवं. रस्त्यात माणसं तिला वळसा घालून जातात, कुणी धक्का म्हणून देत नाही. मैत्रिणींचे फोन येईनासे झाले. आणि बोलता बोलता, वाचता वाचता तिचा हात हळूच वर जातो. थोरली तो खाली घेते, उगाच दटावते, मग मांडीवर धरून बसते. मी आहे ना, म्हणते. सगळं जग विसरलं तरी मी बरी विसरेन!

काल संध्याकाळी ती कुणाचा तरी परकर शिवत होती. तोंडात टाचण्या होत्या. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, हात डोक्यावर. थोरलीने सवयीने नजर खाली घातली आणि मशीन पुढे चालवलं. शिवण संपली, तिने दोरा तोडला, दिवा मालवला, एकाच ताटात वाढून घेतलं आणि जेवली.

ताट विसळताना तिला आठवलं, या घरात आपण दोघी राहतो.