दादाची राहिलेली वाट

तीन नकाशे एकमेकांना जोडायचे तर घरातली चिकटपट्टी पुरणार नव्हती, म्हणून बाई भर दुपारी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. पट्टी देता देता तो म्हणाला, "बाई, दारात गाडी असताना चालत कुठे निघालात?"

"तू अजून सिग्नलला क्लच दाबून धरतोस. ते आधी सुधार," असं सांगून बाई घरी आल्या.

जन्मभर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि जादाच्या ब्रेकवर पाय ठेवायचा. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात, ॲक्सिलरेटर दुसऱ्याच्या पायाखाली, यांच्या वाट्याला फक्त ब्रेक. तेच चौक, तीच वळणं, आणि संध्याकाळी गाडी निघाली तिथेच परत. स्कूल बंद केलं त्या दिवशीच त्यांनी ठरवलं, की आता आपल्या पायांनी लांब जायचं. तीर्थाच्या डोंगरापर्यंत. फार उशीर झाला म्हणणाऱ्यांना त्या सांगत, "उशीर झाला म्हणूनच तर निघालेय."

डोंगराकडे तीन वाटा जात. किनाऱ्याची, नदीची आणि खिंडीची. लोक त्यातली एक धरत आणि ती पुरी करत. पण एकच मळलेली वाट मुकाट धरतील तर बाई कसल्या? त्यांनी तिन्हींची मोळी बांधली. सुरुवात किनाऱ्याने, कारण तो सपाट, गुडघ्यांना सवय होते. किनारा उगाच लांबचा वळसा घेतो तिथे त्याला सोडायचं आणि आडव्या रस्त्याने जाऊन नदीची वाट मधूनच धरायची. शेवटचा चढ खिंडीने, तिथे मुक्कामाची घरं जवळजवळ आहेत. नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आणि आम्ही जेवायचं कुठे? समुद्रावर की डोंगरावर?"

पुढच्या खोलीतून दादा आला. बाईंचा थोरला भाऊ. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याच्या हातातल्या फडक्याला कायम रॉकेलचा वास असायचा. नकाशांच्या जोडावर त्याने बोट ठेवलं.

"छोटे, नदीची वाट इथून धरू नकोस."

"का?"

"अर्धी वाट धरू नये. अर्धी सोडूही नये... सोडली तर ती मागे येते."

बाई मोठ्याने हसल्या. "दादा, मी गाण्याचा क्लास अर्धा सोडला. ठरलेलं लग्न अर्ध्यावर मोडलं. त्यातलं कुणी आलं का कधी मागे? मग वाटच तेवढी येणार?"

वहिनीही हसल्या. दादा मात्र हसला नाही. फडकं घडी करत तो आपल्या टेबलाकडे परत गेला.

तरुणपणी दादा नदीच्या वाटेने निघाला होता आणि मधूनच परत आला होता. का आला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्याने घराचा उंबरठा कधी ओलांडला नाही. गिऱ्हाइकं खिडकीतून घड्याळ देत आणि खिडकीतूनच घेऊन जात. डॉक्टर झाले, औषधं झाली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढे पुढे त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. घरातली एखादी ओल आलेली भिंत जशी सवयीची होते, तसंच ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई नवे बूट पायात घालून घरातल्या घरात फेऱ्या मारत होत्या. पुढच्या दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर त्यांना एक निळा पट्टा दिसला. वीतभर लांब. नदीच्या वाटेवर झाडांना आणि दगडांना असेच पट्टे रंगवलेले असतात, यात्रेकरू ते बघत बघत पुढे जातात. नकाशाच्या कोपऱ्यात त्याचं चित्रही होतं. बाईंनी बोट लावलं. रंग ओला होता.

"वहिनी, घरात रंगाचा डबा कुणी आणलाय?"

"कसला रंग?" स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. त्यांनी फडक्याने पट्टा पुसला आणि त्या विसरून गेल्या.

पुढच्या दुपारी पट्टा बोळात होता, छत्र्यांच्या खुंटीखाली. त्याच्या पुढच्या दुपारी आणखी आत. घरात एक वास यायला लागला होता. शेवाळलेल्या दगडांचा, साचलेल्या पाण्याचा. बाईंनी मोरी धुतली, नळ तपासला. मग त्यांच्या लक्षात आलं, की पट्टा त्यांच्या खोलीचं दार ओलांडून पुढे गेला आहे. पुढे एकच खोली होती, दादाची.

त्या संध्याकाळी वहिनी अंगणात कपडे काढत होत्या. खिडक्यांवर अजून ऊन होतं, बोळात मात्र अंधारून आलं होतं. बाईंना आवाज आला... गोट्यांवरून कुणीतरी चालत असल्यासारखा. खच्... खच्... घाई नव्हती त्यात. दमलेल्या माणसाने वाट तुडवावी तसं ते पुढच्या दाराकडून येत होतं. बोळात गुळगुळीत फरशी होती, आणि फरशीवर कुणी नव्हतं.

बाईंच्या अंगावर काटा आला. पण पाय सवयीचा गुलाम. उजवा पाय आपोआप पुढे झाला आणि ब्रेक दाबावा तसा फरशीवर करकचून दाबला गेला.

"थांब," बाई म्हणाल्या.

आवाज थांबला. अगदी त्यांच्यापुढे. ओल्या दगडांचा वास तोंडावर आला.

"छोटे..." दादाचा आवाज खोलीतून आला. "तिच्याशी बोलू नकोस. तुझ्याकडे नाही आली ती."

बाई आत गेल्या. दादा कॉटवर बसला होता. कॉटखाली फडक्यांचा ढीग होता. घड्याळं पुसायची फडकी असं बाई आजवर समजत आल्या होत्या. एकूण एक फडकं निळं झालं होतं.

"किती दिवस पुसतोयस?"

"परत आलो तेव्हापासून. रोज, तुम्ही उठायच्या आधी. हात धड होता तोवर ती चौकटीच्या आत आली नाही. आता हात थरथरतो. पट्टा पुरता जात नाही. आणि तू तो नकाशा आणलास, तशी..."

"खोलीत पोचली तर काय होईल?"

"माहीत नाही. न्यायला आलीय, एवढं कळतं." त्याने बाईंचा हात धरला. "जाऊ नकोस, छोटे. मला एकट्याला आता नाही जमत."

वहिनी कपडे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रडणं दाबत त्या म्हणाल्या, "त्यांना कशाला अडवता? मी पुसेन."

"तुला दिसतो का तो?" दादाने विचारलं.

वहिनींनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. पट्टा त्यांच्या हाताशी होता, ताजा, ओघळलेला.

"कुठे?" त्या म्हणाल्या.

म्हणजे पुसायला बाईच हव्यात. रोज, दादा असेपर्यंत. पुन्हा शेजारच्या सीटवर, पुन्हा ब्रेकवर पाय. बाईंना रडू आलं, आणि रडू आलं याचा संतापही आला. दादावर त्यांचा फार जीव होता. याच दादाने त्यांना पहिली सेकंडहँड गाडी घेऊन दिली होती, बाईमाणसाकडे गाडी शिकायला कोण येणार म्हणून जग हसत असताना. त्याला टाकून जाणं त्यांना शक्य नव्हतं. आणि न जाणंही आता शक्य नव्हतं.

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"दादा, पुसून ती कधी संपलीय का? तिला काय हवंय, राहिलेली अर्धी चाल ना? मग ती मी चालते. तू सोडलीस नेमकी तिथून."

"वाट माणूस ओळखते, छोटे. ही विषाची परीक्षा आहे."

"जन्मभर लोकांच्या परीक्षा घेतल्यात मी. ही पण घेते. कुठे सोडलीस ते सांग."

"आडवा रस्ता नदीला मिळतो तिथे एक चपटा दगड आहे. त्यावर बसलो, आणि उठून उलटा फिरलो."

"का फिरलास?"

दादाने मान खाली घातली. याचं उत्तर त्याने तेव्हाही दिलं नाही.

बाई बोळात गेल्या. तो वास तिथेच उभा होता. "ऐकलंस ना?" त्या दरडावून म्हणाल्या. "तुझ्या जागेवर जाऊन थांब. मी येईपर्यंत या खोलीत पाऊल टाकायचं नाही. माझ्याच घरात मला हूल देतेस? शरम वाटत नाही?" मग पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने भिंत खरवडेपर्यंत पुसला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाल्या.

किनाऱ्याची वाट छान गेली. टाचांना फोड आले, खांदे भरून आले, वाऱ्याने तोंड सोलपटलं. पण कुणाला न थांबवता, कुणासाठी न थांबता आपण पुढे पुढे जातो आहोत, या आनंदात बाई एकट्याच हसत. मुक्कामाच्या घरी यात्रेकरू विचारत, "पुढे कुठली वाट?" त्या सांगत, "भावाची." घरी फोन केला की वहिनी म्हणत, हे बरे आहेत, जेवतात, पुसत बसत नाहीत आता. बाईंचा जीव भांड्यात पडे.

आडवा रस्ता संपला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नदी संथ होती. चपटा दगड सांगितला तिथेच होता. त्यावर बसून बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी घरी फोन लावला.

"वन्सं..." वहिनींचा आवाज इतका बारीक, की बाईंनी फोन कानाला दाबला. "हे सकाळपासून झोपलेत. हाक मारली तरी उठत नाहीत. आणि... पाय हलताहेत त्यांचे. चालल्यासारखे. उजवा, डावा, उजवा..."

"आत्ता हलताहेत?"

"हो... तुम्ही चालताय का?"

बाई बसल्या होत्या.

पुढे काठाकाठाने जाणारी पायवाट रिकामी होती. पण वळणापलीकडून गोट्यांवर पडणारी पावलं ऐकू येत होती. ती लांब लांब चालली होती.

बाई ओरडल्या, "दादा! एकटा पुढे जाऊ नकोस! थांब, मी येतेय!"

पावलं थांबली. फोनमध्ये वहिनींनी श्वास घेतला. "थांबले... वन्सं, पाय थांबले." मग त्या घाईने म्हणाल्या, "आता मान वळवलीय त्यांनी. डोळे मिटलेलेच आहेत... काहीतरी विचारताहेत."

"काय विचारतोय?"

"विचारताहेत... छोटीच्या शेजारी कोण बसलंय?"

बाईंची डावी बाही एकाएकी गार पडली. मग ओली झाली. भर उन्हात त्यांचे दात वाजायला लागले. दादा याच दगडावरून का उठला आणि उलटा का फिरला, ते त्यांना आता कळलं होतं. उलटा फिरायचा रस्ता त्यांच्याही मागे होता, चांगला रुंद आणि ओळखीचा.

"दादाला सांग, तिथेच उभा राहा," बाई म्हणाल्या. आवाज चढा होता. "म्हणावं, आम्ही निघालोच."

फोन त्यांनी खिशात टाकला. पिशवी पाठीला लावली, आणि डावीकडे न बघताच उठून उभ्या राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "पण पुढे मी."