सातव्या प्रकरणातील अडथळे

वाचनमापन केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. चारुशीला आजगावकर खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. हातातल्या वाचनपाटीवर ‘संशयतटाक’ उघडा होता. चारशे वर्षांपूर्वीच्या, कधीच न छापलेल्या या ग्रंथाचे एकमेव हस्तलिखित पुरात गेले. उरली ती केंद्राच्या संगणकातली प्रत. पडद्याच्या तळाशी आकडा होता : वाचनप्रगती ९२ टक्के.

“विहंग, सातवं प्रकरण गेल्या वर्षी अकरा पानांचं होतं. आज एक परिच्छेद आहे.”

“म्हणूनच तर प्रगती, बाई!” विहंग सोमण हसला. एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी आता केंद्राचा मुख्य अभियंता होता. “पाटीतला नेत्रवेधक नजर मोजतो. नजर पुढे सरकली की प्रगती. थबकली, मागे वळली की अडथळा. एका जागी चाळीस वाचक अडले की यंत्रणा तो मजकूर गाळते. नाहीतर लोक पुस्तकं पुरी कशी करणार?”

“आणि आवडलं म्हणून कुणी थांबलं तर?”

“डोळ्यांना कारण विचारता येत नाही.”

“मूळ प्रत?”

“ठेवत नाही. दोन प्रतींची टक्केवारी जुळत नाही.”

आजगावकरांना आपला वर्ग आठवला. सातव्या प्रकरणाची प्रत्येक ओळ सात वेळा वाचायची, हा त्यांच्या वर्गाचा तीस वर्षांचा दंडक. यंदा विद्यार्थ्यांनी तो वाचनपाट्यांवर इमानाने पाळला होता. राजाच्या स्तुतीची वीस पाने, जिथे आजवर कुणी क्षणभर रेंगाळले नव्हते, अक्षरही न गमावता शाबूत होती.

“या उरलेल्या परिच्छेदावर किती अडले?”

“पस्तीस. तुम्ही आता तिकडे पाहू नका, बाई.”

“मग बंद कर ना हे यंत्र!”

“त्याला ग्रंथसमितीचा ठराव लागतो.”

त्यांनी पाटी पालथी घातली, परिच्छेद आठवून कागदावर उतरवला आणि तडक समितीची बैठक गाठली. पाच सभासदांना त्यांनी सगळे सांगितले. पाटीवर ते पान उघडू नका, म्हणून हात जोडले.

“मूळ न पाहता ठराव?” अध्यक्ष दिवाकरशास्त्री टेंब्ये दुखावले. “आम्ही काय अंगठेबहाद्दर आहोत? मिनिटभराचं काम आहे.”

पाचही पाट्या उघडल्या. पाचही जण खरे व्यासंगी होते, हेच दुर्दैव. कुणाचीही नजर घसरत पुढे गेली नाही.

“वा!” एकजण पुटपुटला. “पुन्हा एकदा पाहू.”

“पाहू नका!” आजगावकर ओरडल्या.

परिच्छेद विरला. त्याच्या जागी ग्रंथसमाप्तीचे मंगलवचन सरकून आले.

मग आजगावकरांनी आपला कागद पुढे केला. टेंब्यांनी तो वाचला, थांबून पुन्हा वाचला आणि घडी घालून परत दिला.

“शब्दन् शब्द बरोबर आहे, बाई. मी स्वतः पाहिलाय. पण छापता येणार नाही.” त्यांचा आवाज खाली गेला. “उपलब्ध प्रतीत जे नाही, ते प्रक्षिप्त, स्मरण हा पुरावा नव्हे. हा नियम समितीला तुम्हीच घालून दिलात.”