पोह्यांवरचं लिंबू

“अहो, ते काय करताय!” मी ओरडले, पण तोवर लिंबू पिळून झालं होतं… आणि अर्धा रस पोह्यांवर न पडता माझ्या जेलवर!

सत्त्याण्णव सालची गोष्ट. उज्जैनमधली आमची केमिस्ट्रीची लॅब, आणि हातात पोह्यांचा कागद घेऊन उभा असलेला अपूर्व. शेजारच्या टेबलावर संशोधनासाठी कालच आला होता. इतकं छान हसणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं? पण मी चिडले.

“लॅबमध्ये खातात का? यज्ञेश्वर सरांनी बघितलं तर एंट्री बंद!”

“सॉरी… भूक लागली होती यार. पण हे आहे काय?”

“पाणी धरून ठेवणारं जेल. वापरल्यावर फेकायचं नाही. विरघळवायचं, परत जमवायचं.”

शनिवारपर्यंत ते जमलं नसतं, तर सर माझा संशोधनाचा विषय रद्द करणार होते. तीव्र आम्लाने जेल तुटायचं, पण पुन्हा नीट जमायचंच नाही. आठ महिने मी त्याच्याशी झगडत होते आणि सोडणार तर बिलकुल नव्हते.

“अश्लेषाजी… याचं तर पाणी झालं!”

खरंच की! आंबटपणा मारायला मी घाईघाईने सोडा घातला, ढवळलं… आणि काचकांडी जड झाली. जेल जमलं होतं!

मग शुक्रवारपर्यंत आम्ही अकरा वेळा तेच केलं.

“हात नाही दुखत तुझा?” अपूर्वने विचारलं.

“दुखतो. तू ढवळ आता.”

काचकांडी देताना बोटं लागली. दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत.

शनिवारी सरांसमोर जेल तीनदा विरघळलं, तीनदा जमलं.

“लिंबू कसं सुचलं?” सरांनी विचारलं.

खरं सांगावं तर अपूर्व लॅबबाहेर… खोटं मला सांगायचं नव्हतं.

“मी इथे पोहे खात होतो, सर,” तोच पुढे झाला. “रस माझ्याकडून सांडला. बाकी सगळं हिचं.”

सरांनी माझ्या विषयाच्या कागदावर सही केली आणि अपूर्वला सहा महिने लॅब बंद.

मी जिन्यात त्याला गाठलं. “पागल आहेस का? गप्प बसता येत नव्हतं?”

“तुझा विषय खोट्यावर उभा राहिला असता. चाललं असतं तुला?”

“नाही,” मी म्हणाले. “म्हणून मीही खरंच सांगते. माझं प्रेम आहे तुझ्यावर. उद्या माधवनगरला आमच्या घरी ये, आईलाही हेच सांगणार आहे.”

सरांपुढे धडाधड बोलणारा अपूर्व… त्याला नुसतं ‘हो’ म्हणायलाही किती वेळ लागला!