पुढचा दिवा

घरातल्या बटणांचा इतका विचार करावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बटण म्हणजे बटण. दाबलं की दिवा लागतो, पुन्हा दाबलं की जातो. पण सासऱ्यांचे, म्हणजे आमच्या मामाजींचे, डोळे काचबिंदूनं गेले आणि हे साधं गणित आमच्या घरात बिघडलं.

मामाजींना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजेड दिसला की त्या बाजूला चालतात. अंधार असला की जागीच उभे राहून हाक मारतात, "प्रतीक्षा, लाईट लाव व पोरी." आणि मी भसकन ट्यूबलाइट लावली की डोळ्यांवर हात धरून कळवळतात. डॉक्टर म्हणाले, उजेड ठेवा, पण एकदम अंगावर नको, हळूहळू येऊ द्या. डॉक्टरांना सांगायला काय जातं!

आमचं घर वलगाव रोडला, वस्तीच्या टोकाशी. समोर डांबरी रस्ता, मागे आमचंच फुलांचं शेत. नवरा मनोज लग्नसराईत पहाटे झेंडू घेऊन बाजारात जातो, तिथून मंगल कार्यालयांचे हार पोचवत फिरतो, दिवे लागायच्या सुमाराला घरी येतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, म्हणजे दिवसभर घरात मी आणि मामाजी. आणि वऱ्हाडातला मे महिना म्हणजे दुपारीसुद्धा अंधारच. खिडक्या बंद, वर जाड पडदे, एका खिडकीत कूलर घरघरत असतो. आमचा पॅसेज तर भरदुपारी काळाकुट्ट. मामाजींना पाणी हवं, न्हाणीत जायचं, नुसतं बसून कंटाळा आला म्हणून फिरायचं, प्रत्येक वेळी मला उठावं लागे. जरा डोळा लागला की हाक. एकदा मी उठले नाही, तर ते अंधारातच निघाले आणि बेसिनजवळ पडले. हाताला प्लास्टर आलं. त्या दिवसापासून माझी झोपच गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते खोटं नाही. कधी कधी वाटायचं, यातून एकदाची सुटका व्हावी. कोणाची, ते मी स्वतःला विचारत नव्हते.

माझा मावसभाऊ कुंदन अकोल्यात घरांना मोबाइलवरची बटणं बसवून देतो. त्याच्या दुकानात गेले, तर त्यानं आधी काचेची पाटी पुढे केली. गुळगुळीत, काळी, बोट टेकवलं की दिवा.

"ताई, हे घ्या. लई चालते हे आता. बंगलेवाले हेच मागून राहिले."

मी डोळे मिटून पाटीवर हात फिरवला. कुठं बटण सुरू होतं आणि कुठं संपतं, काही कळेना. मामाजींच्या फुलं तोडून राठ झालेल्या बोटांना तर ते मुळीच कळलं नसतं. मी म्हटलं, मला उठाव असलेलं बटण दे, हाताला लागेल असं. शिवाय डिमर दे, पण उजेड सावकाश वाढवणारा. आणि माणूस खालून गेला की आपोआप लागणारा सेन्सर. कुंदन म्हणाला, जुन्या बोर्डात न्यूट्रलची तार नसेल तर भिंत फोडावी लागेल. फोड म्हटलं. स्वस्तातले बल्ब डिमरवर फडफडतात, ते बदलावे लागतील. बदल म्हटलं. मला एक दुपार सलग झोपायचं होतं, त्यासाठी अख्खं घर फोडलं असतं तरी चाललं असतं.

दिवे असे लावले: एक मामाजींच्या दाराशी, मग पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरात, मागच्या ओसरीवर आणि शेवटचा आंगणात पाण्याच्या टाकीजवळ. मामाजी एका दिव्याखाली आले की तो हळूहळू उजळायचा. ते पुढे गेले की मागचा तसाच हळूहळू विझायचा आणि पुढचा लागायचा. पहिल्याच दुपारी ते एकटे न्हाणीत जाऊन आले, दिवाणावर बसले आणि म्हणाले, "झोप तू. मी आलो जाऊन." मला रडू आलं. मग मी झोपले, ती चहाच्या वेळेलाच उठले.

काही दिवस सुखाचे गेले. नंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मामाजी दिवाणावरच असायचे, पाय वर घेऊन. दाराजवळचा दिवा आपला आपण उजळायचा. मग ते उठायचे.

मी कुंदनला फोन लावला.

"सेन्सर जास्तच तेज झाला असन, ताई. पाल फिरली तरी पकडते तो. मोबाइलवरून कमी करून घ्या."

केला कमी. फरक पडला नाही. मग माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली. सगळ्या सेन्सरांच्या डोळ्यांवर मी काळी चिकटपट्टी लावली, वायफाय बंद केलं, माझा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि पॅसेजच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. कूलरचा आवाज, खसाचा ओला वास, भिंतीवर अंधार. बऱ्याच वेळानं दाराशी उजेड फुटला. पिवळा, मऊ, सावकाश वाढणारा. मामाजी उठले, त्याच्याखाली आले. पॅसेजमधला उजळला. मध्येच ते लुंगी सावरायला थांबले, तर तो दिवा जरासा मंद झाला आणि पुन्हा हळूच मोठा झाला. वासराला यू यू करून बोलवावं, तसा.

मी हलले नाही.

"मामाजी," ते परत येऊन टेकल्यावर मी विचारलं, "तुम्ही उठायच्या आधीच दिवा कसा लागतो?"

"पुढचा लागला का मी निंगतो."

"पण लावतं कोण?"

"तूच लावत असशीन ना मोबाइलवरून?"

"नाही."

त्यांनी माझ्या दिशेनं चेहरा वळवला. "मंग असन कोनी. बोलत नाई काही. पन थांबते माह्यासाठी."

खरं तर तेव्हाच सगळं काढून टाकायला हवं होतं. मी चिकटपट्ट्या काढल्या, वायफाय सुरू केलं आणि जाऊन पडले. कुणी का लावेना, मला उठावं लागत नव्हतं. थकलेल्या माणसाला भीतीसुद्धा पुरेशी वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या एका दुपारी मला जाग आली ती उकाड्यानं. मागचं दार सताड उघडं होतं आणि बाहेरची गरम हवा घरात शिरत होती. दिवाणावर मामाजी नव्हते. पॅसेजमधला दिवा विझत आला होता, स्वयंपाकघरातला अजून मंद जळत होता, ओसरीतला त्याहून जरा मोठा. आंगणात टाकीजवळचा दिवा लख्ख पेटलेला होता, पण रणरणत्या उन्हात त्याचा उजेड कळतही नव्हता. मी अनवाणीच पळाले.

कुंपणाचं फाटक उघडं होतं. मामाजी शेतात होते. झेंडू उपटून मोकळं केलेलं काळं रान तापलं होतं, ढेकळांतून ते नीट सरळ चालत होते, एकदाही न अडखळता. समोर आमचं शेततळं होतं. त्याला आतून सगळीकडे काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याच्या उतारावर धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाही, आत घसरला की वर येता येत नाही. पलीकडच्या गावात असंच एक पोर गेलं होतं.

काठाशी पोचायच्या आत मी त्यांना मागून कवेत धरलं.

"मामाजी! कुठं निघाले तुम्ही?"

"थो काय," त्यांनी प्लास्टरचा हात उचलला. "पुढचा लागला न."

त्यांचा हात तळ्याच्या मधोमध रोखलेला होता. तिथं खांब नाही, तार नाही, काही नाही. फक्त पाणी आणि ऊन.

मनोज आल्यावर मी सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला, वडिलांच्या तळपायांना आलेले फोड पाहिले आणि म्हणाला, "बाबाले भास होते आता. म्हातारपन हाय." मग मला म्हणाला, "तू झोपली होती का?" मी हो म्हटलं. तो पुन्हा भाकरी मोडू लागला, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कुंदन आला आणि सगळं काढून घेऊन गेला. डिमर, सेन्सर, मोबाइलवरची बटणं, सगळं. जुने बोर्ड बसवले, ओसरी आणि आंगणातल्या तारा मुळापासून तोडल्या, बल्बसुद्धा नेले. भिंतीवरच्या पट्टीतून निघालेले तारांचे दोन तुकडे तो बराच वेळ उलटसुलट करून पाहत होता. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "काही नाई ताई. उशीर झाला, निंगतो मी." चहाही न घेता गेला. मनोजनं मागच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

मामाजी दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसत. स्वतःहून उठणं बंद झालं. मी पुन्हा प्रत्येक हाकेला उठू लागले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, मी पुढे, ते मागे, अशी आमची वरात न्हाणीपर्यंत जायची आणि परत यायची. दिवसभर. रात्री मनोज बघायचा, पण तोही पहाटे जायचा. माझे डोळे सतत चुरचुरत असत, उभ्या उभ्या डुलकी लागे. तरी मनात एक समाधान होतं. ते माझ्या हाताशी होते. आता त्यांना कोणी नेणार नव्हतं.

परवाची गोष्ट. दुपारी त्यांनी हाक मारली. मी उठले. डोळे पुरते उघडलेही नव्हते. त्यांचा हात खांद्यावर आला, नेहमीसारखा जड. आम्ही निघालो.

पॅसेजचं बटण मी दाबलं नाही. गरजच पडली नाही, सगळं दिसत होतं. मऊ, पिवळा उजेड समोर सावकाश वाढत होता, डोळ्यांना जराही न बोचणारा. मला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आता विचार करायला नको, नुसतं चालायचं. उजेड पुढे गेला की आपण पुढे जायचं.

न्हाणी यायला वेळ लागत होता, एवढं कळलं.

मग तळपायांना चटका बसला. पायाखाली फरशी नव्हती, मातीही नव्हती. गुळगुळीत, तापलेलं, पुढे उतरत गेलेलं काहीतरी होतं.

मी थांबले. माझ्या मुठीत मागच्या दाराची किल्ली होती.

खांद्यावरचा हात जरासा दाबला गेला.

"थांबली काहून व, पोरी?" मामाजी मागून म्हणाले. "चाल ना. पुढचा लागला."

लागला होता. पाण्याच्या मधोमध. मलाही दिसत होता.