टाकी भरलेलीच कशी?

"विहंग, लेबलांना हात लावू नकोस! पोह्यांचं तेल लागेल!" वल्लरीने दटावलं.

"धुतलेत गं बाई! वास घे हवा तर!"

उद्या बाटल्या भरायच्या होत्या. देवासहून अमझेऱ्याजवळ आजोबांच्या वायनरीत सुट्टीला आलेल्या तिघांना लेबलं मोजायचं काम मिळालं होतं. तेरा वर्षांची वल्लरी, तिची धाकटी बहीण चिऊ आणि आतेभाऊ विहंग. लेबलावर छापलं होतं, 'शिराज, २०२३. बनवणार : तरुण'.

तरुण म्हणजे वल्लरी-चिऊचे बाबा. त्या वर्षी दिवाळीत तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. पुढच्या वर्षी शिराज द्राक्षांच्या वेलींवर रोग पडला, त्याही उपटल्या. तेव्हा त्यांच्या शिराजची ही छोटी टाकी संपली की संपलीच!

"ए वल्लरी," विहंग टाकीतली पातळी दाखवणाऱ्या बाजूच्या काचेच्या नळीकडे बघत म्हणाला, "मामांनी इथे पट्टी चिकटवलीय ना? वाइन अजून तिथेच आहे."

"मग?"

"मग काय? आजोबा येईल त्या पाहुण्याला 'हमारे तरुण की' म्हणून पेला देतात. दीड वर्षात थेंबभरही कमी नाही?"

"टाकीत भूत आहे!" चिऊ किंचाळली.

"गप गं! भूत कशाला टाकी भरेल?" वल्लरी म्हणाली खरी, पण नळीवरची पट्टी तिने पुन्हा वाकून पाहिली.

दुपारी तिघांनी अंगणात आरडाओरडा केला, "आम्ही देवीला चाललो होऽऽ!" आणि मागच्या दाराने टाक्यांच्या खोलीत येऊन क्रेटांमागे दडले. मोठ्यांनी खिडकीतून बघायचे कष्टही घेतले नाहीत!

थोड्या वेळाने मानाजीकाका आले. बाबांचे लहानपणचे दोस्त, टाक्या तेच सांभाळत. त्यांनी शेजारच्या टाकीतून बादली भरली, शिडी चढले आणि बाबांच्या टाकीत ओतली.

"काका!" वल्लरी ओरडली. "ती तर कॅबर्ने द्राक्षांची! या वर्षीची!"

काका शिडीवरच खाली बसले. "अरे भिया, पकडलंत." असं माळवी ढंगात म्हणत त्यांनी रिकामी बादली मांडीवर ठेवली. "टाकीत हवा राहिली की वाइन आंबते, म्हणून भरावं लागतं. शिराज आणायची कुठून? आणि तरुणची पट्टी वर नि वाइन खाली... मला बघवेना, बेटा."

वल्लरीला त्यांचा राग येईना, हीच पंचाईत. बाबांनी तिला नियम शिकवला होता : लेबलावर द्राक्षाची जात आणि साल छापायचं, तर आत जवळजवळ सगळं त्याच जातीचं, त्याच सालचं हवं.

"काका, अर्ध्याहून जास्त ओतलंय का?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"कोणाला सांगायचं नाही," विहंग हळूच म्हणाला. "मामांचं नाव राहील."

वल्लरीने बाबांच्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. मग घरात जाऊन तिने आजोबांना सगळं सांगून टाकलं.

आजोबा टाकीपाशी आले, पण काकांवर ओरडले नाहीत. "पेले तर मीच वाटत सुटलो," ते म्हणाले. "कधी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही." त्यांनी लेबलांचा रोल कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाटल्यांवर आता नुसतं 'लाल वाइन' लिहायचं. जात नाही, साल नाही, बाबाही नाहीत.

"काका," चिऊने विचारलं, "मग त्यात बाबा किती उरलेत?"

"आहे गं थोडा," मानाजीकाका म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

आजोबांनी विहंगची पाठ थोपटली, "नजर तेज आहे तुझी!" मग वल्लरीला जवळ घेतलं. "शाबास! तरुणनेही हेच केलं असतं."

"मला शाबासकी नको, आजोबा!" ती हुंदके देत म्हणाली. "मी सांगायलाच नको होतं!"

"हो गं बाळा," आजोबा म्हणाले. "मलाही तसंच वाटतंय."