बाशिंग्याचं आवतण

कुंपणाबाहेर

गुरांच्या छावणीचं फाटक बंद होतं, आणि आत एक तरणा माणूस जमिनीवर चुन्याची रेघ ओढत होता.

वच्छलेनं कडीला हात घातला. तो मान वर न करताच म्हणाला, "हात काढा बाई. धुवा लागन."

"माह्या बैलाले घेवाले आली मी. उद्या पोळा हाय."

"पोळा गावात हाय. इथं खुरकूत हाय."

तोंडाखुरांच्या त्या रोगाचं नाव ऐकताच वच्छलेनं कडीवरचा हात काढला.

बहात्तर साल. पाऊस आलाच नव्हता. जानेफळजवळच्या माळावर व्यापाऱ्यांनी गुरांसाठी छावणी उघडली होती. कडबा फुकट, टाकीचं पाणी. तिच्या बापाचा, रंगरावांचा, एक बैल गोठ्यातच उपाशी बसला तो उठलाच नाही. उरला बाशिंग्या. बाप म्हणाला होता, गावोगावची जनावरं एका जागी, बिमारी शिरली तं? वच्छला भांडली, रुसली, जेवली नाही, आणि शेवटी स्वतःच कासरा धरून त्याला इथं सोडून गेली.

बाशिंग्या भरला. पाठीची हाडं झाकली.

आणि आता —

कुंपणाआत

"नाव काय बैलाचं?"

"बाशिंग्या. शिंगं बाशिंगासारखी उभी हायेत पाहा."

"हाव, तो. मस्त खाऊन राह्यला."

"माह्याकडं पाहून सांगा."

त्यानं पाहिलं. डोळे जागरणानं लाल, पण पाहणं असं... की वच्छलेला पदर सारखा करावा वाटला.

"कालपासून कडब्याले तोंड लावलं नाही त्यानं. जिभेवर फोड हायेत. तुरटीच्या पान्यानं धुतो मी."

"मंग खोटं काऊन बोलले?"

"तुमचं तोंड पाहून."

"सोडा त्याले. मी घरी करतो त्याचं."

"घरी नेसान तं गावातले सारे गोठे बसतीन."

"पन बिमारी इथंच लागली ना त्याले?"

"हाव. इथंच लागली." त्यानं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "इथं नसता तं भुकेनं गेला असता, हे बी खरं. दोन्ही खरं हाय बाई. आन् मी फाटक उघडनार नाही."

वच्छला त्याच्याकडे बघत राहिली. एवढं वाईट बोलणं इतक्या हळू आवाजात कुणी बोलतं का?

"नाव काय तुमचं?"

"कडूबा."

"शोभते."

तो हसला. छावणीत कित्येक दिवसांत कुणी हसलं नसावं, कारण दावणीची गाय मान वळवून बघायला लागली.

कुंपणावर

संध्याकाळ खांदेमळणीची. बायका कुंपणाशी आल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात लोणी-हळदीची वाटी. आत जाता येत नव्हतं. कडूबा एकेक वाटी घेई आणि ज्याच्या-त्याच्या बैलाचा खांदा मळून देई.

बाशिंग्याला त्यानं शेवटी आणलं. बैल लंगडत होता. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. वच्छलेनं कुंपणाची काटेरी फांदी मुठीत घट्ट धरली. काटा रुतला ते तिला कळलं नाही.

कडूबाचे तळवे खांद्यावर गोल फिरायला लागले. हळद पसरली. बाशिंग्यानं डोळे मिटले... आणि वच्छलेला वाटलं, उघडेल ना तो परत?

आता बोलायचं होतं, दरसाली बोलायचं तेच. बैलाच्या कानात सांगायचं ते आवतन.

"आज आवतन घ्या..." ती थांबली. "उद्या जेवाले या."

"येतो," कडूबा म्हणाला.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग शेजारची पुष्पाबाई म्हणाली, "वच्छे, पुरन जास्त शिजव वो बाई. पावना खात्यापित्या घरचा दिसते."

बायका हसल्या. वच्छलेचे कान तापले.

"तुमी काऊन बोलले मधात?"

"आमच्या पिंपळगाव राजाकडं खांदा मळनाराच बैलाच्या वतीनं हो म्हनते. आवतन रिकामं जाऊ देत नाहीत. तुमच्याकडं..."

"आमच्याकडं कोनी बोलत नाही. बैल आपला गप उभा राह्यते."

कडूबाच्या हाताला हळद, कपाळाला हळद. "मंग आता? बोलून तं बसलो."

वेशीवर

पोळ्याच्या दुपारी तो दिसला. माळावरून. एकटा.

वच्छला वेशीजवळच्या लिंबाखाली उभी होती. गावातले हाडकुळे बैल शिंगं रंगवून रांगेत लागत होते. तिच्या दारचा खुंटा रिकामा. छावणीतून माणूस गावात येतो तो एकाच कामासाठी, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पुष्पाबाईची गाय गेल्याचा निरोप सकाळी असाच आला होता.

येऊ नये त्यानं.

नाही, यावं. पण बैलाला घेऊन.

नाही —

तो वेशीच्या अलीकडेच थांबला. अनवाणी, केस ओले, सदरा नुकता धुतलेला.

"बाशिंग्या..." ती म्हणाली.

"सकाळी आंबील प्याला. घोटभर. उभा हाय."

वच्छला ओरडलीच, "मंग तुमी काऊन आले? तुमाले एकटं पाहून माहा जीव गेला ना."

"आवतन होतं," तो खाली बघत म्हणाला. "बैलाले सोडता येत नाही. हो मी म्हटलं होतं." मग थोडं थांबून, "वेशीच्या आत नाही येत. अंग धुतलं, कपडे उकळले, तरी गावात बैलं हायेत."

ती घरी पळाली. रंगरावांनी ताट पुढं केलं. ताटात पोळी होती, तूप नव्हतं. तेवढं ते शेजारी जाऊन मागून आले.

कडूबा लिंबाखाली बसून जेवला. सावकाश. ती समोर, पण चार हात दूर.

"जगन का तो?"

"मले माहीत नाही."

या वेळी तो खोटं बोलला नाही. भीती होती तिथंच राहिली, पण आता ती दोघांत वाटून घेतल्यासारखी झाली.

"बरा झाला की त्याले घेऊन या," वच्छला म्हणाली. "मंग घरात बसून जेवा."

"आन्... नाही झाला तं?"

रांगेतल्या बैलांचे घुंगरू वाजले. वच्छलेनं माळाकडे पाहिलं.

"तरी या," ती म्हणाली. "एकटे या."